डिस्क भरली होती, एवढंच

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि विषय असा निवडलाय की घरच्या वाचकांपैकी निम्मे पहिल्या परिच्छेदातच पळ काढतील. पण आत्या, मामा, जरा थांबा. पुढे यात आपल्याच घरातली एक गोष्ट येणार आहे.

संगणकावरच्या फाइली फोल्डरमध्ये असतात हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही लिनक्सवाले त्याला डिरेक्टरी म्हणतो. सगळ्यात वरची डिरेक्टरी म्हणजे नुसती एक तिरकी रेघ, तिला म्हणायचं रूट. तिच्याखाली 'बिन' असते, तिच्यात रोजचे प्रोग्राम. 'लिब' असते, तिच्यात त्या प्रोग्रामांना लागणाऱ्या लायब्ररी. 'एसबिन' असते, तिच्यात मशीन सांभाळणाऱ्याची हत्यारं. इथपर्यंत ठीक. पण शेजारीच 'यूएसआर' नावाची एक डिरेक्टरी, आणि तिच्या पोटात पुन्हा बिन, पुन्हा लिब, पुन्हा एसबिन! एकाच कुटुंबाची दोन स्वयंपाकघरं, आणि मिठाचा डबा एकीत तर साखरेचा दुसरीत. फाइलीत शब्द शोधणारा ग्रेप वरच्या बिनमध्ये, आणि फाइलच शोधणारा फाइंड यूएसआरमधल्या बिनमध्ये. असं का, तर तसंच असतं.

2000 नंतरच्या वर्षांत पुण्यात नोकरीच्या मुलाखतींना गेलं की हा प्रश्न ठरलेला असायचा. "दोन बिन कशासाठी?" उत्तरही ठरलेलं. मशीन सुरू व्हायला आणि बिघडलं तर दुरुस्त करायला जे अत्यावश्यक ते वरच्या बिनमध्ये, बाकी सगळं यूएसआरमध्ये. यूएसआरचा विस्तार विचारला तर "युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस". हे आम्ही पाढ्यांसारखं म्हणायचो, विचारणाराही मान डोलवायचा. उत्तर फार सुबक होतं. कोणीतरी मोठ्या माणसाने फळ्यासमोर उभं राहून, पूर्ण विचार करून ही रचना आखली असणार असं वाटायला लावणारं.

प्रत्यक्षात काय झालं होतं? डिस्क भरली होती.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये युनिक्सची सुरुवात केली ती पीडीपी-7 नावाच्या, तेव्हाही जुन्या झालेल्या मशीनवर. 1970 मध्ये त्यांना पीडीपी-11 मिळालं. त्याची मेमरी होती 24 केबी. त्यातली 16 केबी खुद्द युनिक्सला आणि उरलेली 8 केबी वापरणाऱ्यांच्या प्रोग्रामांना. डिस्क होती 512 केबीची. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर 'सुप्रभात' म्हणून गुलाबाच्या फुलाचं जे चित्र पाठवतो (मामा, तुमच्याबद्दल बोलत नाहीये :-)) तशी चार-पाच चित्रं ठेवली की ती डिस्क संपली. त्यात आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बसवलेली होती.

मग आणखी एक डिस्क आली, काढता-घालता येणारी, अडीच एमबीच्या आसपास. ती जिथे जोडली त्या जागेचं नाव यूएसआर. आणि तिचा अर्थ साधा, 'यूझर'. तिथे माणसं राहायची! केन थॉम्पसन यांच्या फाइली यूएसआरखाली 'केन' नावाच्या डिरेक्टरीत, रिची यांच्या 'डीएमआर'मध्ये. म्हणजे यूएसआर ही मुळात लोकांची बिऱ्हाडं असलेली चाळ. पुढे पहिल्या डिस्कवर नवीन प्रोग्रामांना जागा पुरेना, तेव्हा ते ओसंडून या चाळीत आले. तिथे त्यांच्यासाठी दुसरी बिन आणि दुसरी लिब काढली. बस. 'सिस्टिम रिसोर्सेस' वगैरे नंतरचं बारसं. नाव आधी पडलं आणि अर्थ मागाहून शोधला. (एसबिनमधल्या 'एस'चंही तेच. कोणी सांगतं सिस्टिम, कोणी सांगतं स्टॅटिक, आणि दोघेही ठामपणे सांगतात.)

एक नियम मात्र तेव्हा खरोखरच गरजेचा होता. दुसरी डिस्क जोडणारा 'माउंट' हा प्रोग्राम पहिल्याच डिस्कवर हवा. कुलपाची किल्ली कुलूपबंद खोलीत ठेवून कसं चालेल? मुलाखतीतल्या त्या 'अत्यावश्यक' उत्तराचं बीज एवढंच. आणि गंमत म्हणजे तो माउंट बिनमध्ये नव्हताच. 1979 च्या सातव्या आवृत्तीतसुद्धा तो 'ईटीसी' या डिरेक्टरीत होता, जिथे आता नुसत्या सेटिंगच्या फाइली असतात.

या काळातला माझा सगळ्यात आवडता पुरावा 1975 च्या सहाव्या आवृत्तीतला आहे. तुम्ही टंकलेली आज्ञा ओळखून योग्य प्रोग्राम चालू करणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला शेल म्हणतात, तो प्रोग्राम तीन ठिकाणी शोधायचा: आधी तुम्ही उभे आहात त्याच डिरेक्टरीत, मग बिनमध्ये, मग यूएसआरच्या बिनमध्ये. आता त्या शेलच्या मजकुरात बिनचा पत्ता लिहिलेलाच नाही! तिथे फक्त यूएसआर-बिनचा लांब पत्ता तयार केलाय. त्याची पहिली चार अक्षरं, म्हणजे तिरकी रेघ आणि यू, एस, आर, सोडून पुढे वाचलं की आपोआप बिनचा पत्ता मिळतो. म्हणून आधी पाचव्या अक्षरापासून वाचून बघायचं, नाही सापडलं तर पहिल्यापासून. दोन पत्त्यांसाठी एकच ओळ. जिथे एकेक अक्षराची जागा मोजून वापरायची तिथे माणसं असा विचार करायला शिकतात. दोन्ही बिन म्हणजे एकाच कपाटाचे दोन खण, ही समज त्या दोन ओळींत मला स्पष्ट दिसते.

पुढे डिस्क मोठ्या झाल्या. दोन खण एक करता आले असते, पण तोवर त्यांच्यावर इतर गोष्टी रचल्या गेल्या होत्या. त्यातली एक खरोखर उपयोगी होती. 1980 च्या दशकात सन कंपनीची वर्कस्टेशन्स स्वतःची डिस्क नसताना चालायची. यूएसआर एका मोठ्या मशीनवर एकदाच ठेवायची आणि नेटवर्कवरून सगळ्यांनी ती वाचायची. डिस्क महाग होती तेव्हा हा मोठाच फायदा. त्यासाठी यूएसआर वेगळी असणं सोयीचं पडलं. म्हणजे अपघाताने पडलेल्या भिंतीला पंधरा वर्षांनी एक काम मिळालं.

लिनक्स 1991 मध्ये आलं. मग प्रत्येक वितरणाने आपापल्या मनाने फाइली मांडायला सुरुवात केली, तेव्हा डॅनियल क्विनलन यांच्या पुढाकाराने एक प्रमाण मांडणी लिहिली गेली. तिची पहिली आवृत्ती 14 फेब्रुवारी 1994 ची. तिचंच पुढे 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' झालं. आम्ही मुलाखतीत म्हणायचो ते पाढे यातलेच. आता त्या भिंतीला नियमाचा आधार मिळाला. 512 केबीच्या डिस्कची आठवण मजकुरात कुठेच नव्हती. तिथे होतं ते 'रूट लहान ठेवावी, म्हणजे बिघडण्याची शक्यता कमी' असं शहाणं कारण. कारण खोटं नव्हतं, पण त्या कारणासाठी भिंत बांधलेली नव्हती.

असो. भिंत आतून पोकळ कशी झाली ते सांगतो.

मशीन सुरू होताना काय लागतं हे 1975 मध्ये बोटावर मोजता यायचं. 2010 पर्यंत ते कोणालाच नीट सांगता येईना. तुमचा कीबोर्ड ब्लूटूथचा असेल तर ब्लूटूथचा प्रोग्राम लागणार, आणि तो यूएसआरमध्ये. कुठलं यंत्र जोडलंय ते ओळखायला यंत्रांच्या नावांची यादी लागणार, तीही यूएसआरमध्ये. मग यूएसआर जोडायच्या आधीच काही गोष्टी तिच्यातल्या फाइली मागायच्या, त्या मिळायच्या नाहीत, आणि गपचूप काहीतरी अर्धवट राहून जायचं. दुसऱ्या बाजूने 'इनिट्राम-एफएस' नावाची सोय आली होती. मशीन सुरू होताना मेमरीत एक छोटी तात्पुरती सिस्टिम उघडते, ती खऱ्या डिस्क शोधून जोडते आणि मग बाजूला होते. म्हणजे 'पहिल्या खोलीत किल्ली ठेवा' हे काम तिने केव्हाच हाती घेतलं होतं. वरची बिन नावापुरती पहिली खोली उरली.

हॅराल्ड होयर आणि के सीव्हर्स यांनी फेडोरासाठी प्रस्ताव मांडला: वरच्या बिन, एसबिन, लिब यांतलं सगळं सामान यूएसआरमध्ये न्यायचं आणि वरती फक्त पाट्या ठेवायच्या. लिनक्समध्ये अशा पाटीला सिमलिंक म्हणतात. 'बिन' नावाच्या दारावर पाटी: 'यूएसआर-बिनमध्ये यावे'. अस्सल पुणेरी, फक्त दुपारी एक ते चारची अट नाही. मे 2012 मध्ये आलेल्या फेडोरा 17 ने हे केलं. डेनिस रिची त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात गेले होते.

उलट का नाही, यूएसआरच मोडून सगळं वर का नाही आणलं, असं विचाराल. ग्नूच्या हर्ड या सिस्टिमने खरोखर तसंच केलं होतं. तिथे यूएसआर हीच पाटी, आणि ती रूटकडे बोट दाखवायची. पण सगळं एका यूएसआरखाली असलं की वितरणाने दिलेलं सामान एका पेटीत बंद राहतं. तिला कुलूप घालता येतं, तिची एका झटक्यात प्रत काढता येते, आणि तुमची सेटिंग, तुमचा डेटा बाहेर सुखरूप. शिवाय सोलारिसवाले बिनची पाटी यूएसआरकडे लावून कित्येक वर्षं सुखाने नांदत होते.

हे ऐकायला 'फाइली इकडून तिकडे हलवल्या' इतकं सोपं वाटतं. चालू मशीनवर मात्र हे काम म्हणजे स्वतः ज्या फांदीवर बसलोय ती कापून दुसऱ्या झाडाला बांधणं. लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात एक पत्ता कोरलेला असतो: मला सुरू करायचं तर लिब किंवा लिब64 मधल्या अमुक लोडरला बोलवा. आता समजा तुम्ही लिब64 चं नाव बदललंत, आणि पाटी लावायला 'एलएन' ही आज्ञा दिलीत. एलएन सुरूच होणार नाही! तिचा लोडर त्या पत्त्यावर नाही. नाव पूर्ववत करावं म्हणून 'एमव्ही' चालवायला जावं, तर तिचीही तीच कथा. समोर मशीन चालू दिसतंय, पण नवीन काहीच चालवता येत नाही. 2012 च्या जुलैमध्ये आर्च लिनक्सने लिबची पाटी केली तेव्हा "जबरदस्तीने अपग्रेड करू नका" असं बजावून सांगितलं होतं, तरी काहींनी केलंच आणि मशीन मारून बसले. फेडोराने त्यापेक्षा शहाणपणा केला. जुन्या मशीनवर हे काम त्या तात्पुरत्या इनिट्राम-एफएसमधून करायचं, म्हणजे घराबाहेर उभं राहून घर हलवायचं.

आणि तरीही हे सगळं सोपं होतं. खरं अवघड प्रकरण डेबियनमध्ये घडलं, आणि ते फाइलींचं नव्हतं, दप्तराचं होतं.

डेबियनमध्ये कुठली फाइल कुठल्या पॅकेजची याची नोंद 'डीपीकेजी' नावाचा प्रोग्राम ठेवतो. त्याची सुरुवात 1994 ची. त्याला आपण सिस्टिमचा तलाठी म्हणू. आता वाड्याला दोन दारं आहेत आणि दोन्हींतून आत एकाच चौकात जाता येतं. पण तलाठ्याच्या दप्तरात ती दोन वेगवेगळी घरं आहेत. बिनमधला ग्रेप आणि यूएसआर-बिनमधला ग्रेप ही एकच वस्तू हे त्याला माहीतच नाही. एरवी काही बिघडत नाही. पण समजा एक फाइल 'अ' पॅकेजमधून 'ब' पॅकेजमध्ये गेली, आणि त्याच वेळी तिचा पत्ता लिबऐवजी यूएसआर-लिब असा लिहिला गेला. तलाठी आधी 'ब' उघडतो, फाइल ठेवतो. मग नवा 'अ' बघतो, त्यात जुन्या पत्त्यावरची फाइल आता नाही. म्हणून तो नियमाप्रमाणे जुन्या पत्त्यावर जाऊन ती पुसून टाकतो. पुसली जाते ती 'ब'ने आत्ताच ठेवलेली. दप्तर म्हणतं सगळं ठीक, जागेवर फाइल नाही. कुठे काही चुकल्याची नोंदही नाही.

डीपीकेजी सांभाळणाऱ्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता, की दप्तराला न सांगता दारं जोडू नका. त्यांना अडेलतट्टू ठरवलं गेलं, आणि त्यांनीही पुढे आपल्या प्रोग्रामातूनच लोकांना इशारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा प्रकरण आणखी चिघळलं. माझं मत विचाराल तर जोडणी करायलाच हवी होती, आणि आक्षेपही खरा होता. दोन्ही बाजूंना एवढं मान्य करायला काही वर्षं लागली.

2019 च्या बस्टर आवृत्तीपासून नवीन मशीनवर दारं जोडलेलीच येऊ लागली, जुनी मात्र तशीच. त्यातून वेगळाच घोळ झाला. जोडलेल्या मशीनवर तयार केलेल्या पॅकेजच्या पोटात कधीकधी यूएसआर-बिनचा पत्ता कोरला जायचा, आणि न जोडलेल्या मशीनवर तिथे तो प्रोग्राम नसायचा. वाद तांत्रिक समितीकडे गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये समितीने ठरवलं की 2023 च्या बुकवर्मपासून फक्त जोडलेलीच मशीन चालतील. पण दप्तराचा प्रश्न सुटेपर्यंत फाइलींचे पत्ते बदलायचे नाहीत, अशी बंदीही आली. म्हणजे सामान नव्या घरी, आणि कागदावर सगळे जुन्याच पत्त्यावर. हेल्मुट ग्रोहने यांनी मग फाइली कुठे कुठे हरवू शकतात याची एकेक शक्यता चिकाटीने काढली, प्रत्येकीवर उपाय लिहिला, आणि शेकडो पॅकेजेस एकामागून एक नव्या पत्त्यावर नोंदवली गेली. हे सगळे स्वयंसेवक, बरं का. 9 ऑगस्ट 2025 ला आलेल्या ट्रिक्सीमध्ये ते दप्तर जुळलं. फेडोराने एका आवृत्तीत केलेल्या कामाला डेबियनला कितीतरी वर्षं लागली म्हणून लोक हसतात. मला हसू येत नाही, आणि त्याचं कारण घरातलंच आहे.

आपल्या सगळ्यांच्या लग्नामुंजींचे, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे, कोकणातल्या घराचे फोटो ज्या मशीनवर आहेत ते डेबियनवर चालतं. 2009 मध्ये लेनी बसवलं, आणि तेव्हा पाढे पाठ असल्यामुळे यूएसआरला वेगळं पार्टिशन दिलं. त्यानंतर डिस्क बदलल्या, मदरबोर्ड बदलला, पण सिस्टिम पुन्हा कधी बसवली नाही. तीच अपग्रेड करत आणली: स्क्वीझ, व्हीझी, जेसी, स्ट्रेच, बस्टर, बुल्सआय. (ही सगळी 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं.) 2023 मध्ये बुकवर्म आलं तेव्हा ठाऊक होतं, या खेपेला मधेच कुठेतरी दारं जोडली जाणार. फोटोंच्या दोन प्रती काढल्या, एक डिस्क तर बहिणीकडे नेऊन ठेवली, आणि रात्री बसलो. पडद्यावर ओळी धावत होत्या. त्यांच्यात मला हवी असलेली ओळ कधी आली आणि कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. मशीन बंद करून चालू केलं. फोटो जागच्या जागी. बायकोने विचारलं, "झालं का?" म्हटलं, "झालं." "काय झालं?" याचं उत्तर मात्र देता येईना, कारण बाहेरून बघणाऱ्याला काहीच झालेलं नव्हतं.

ते काहीच न होणं कोणाकोणाच्या किती संध्याकाळी खाऊन आलंय, ते नंतर त्या चर्चा वाचत बसलो तेव्हा कळलं.

पाट्या मात्र कायम राहणार आहेत. जगातल्या असंख्य स्क्रिप्टची पहिली ओळ 'बिनमधला एसएच चालवा' अशी असते, आणि तो पत्ता काढून टाकायची कोणाची छाती नाही. एसबिनचं प्रकरण तर अजून चालूच आहे. आर्चने 2013 मध्येच ती बिनमध्ये विसर्जित केली, फेडोराने एप्रिल 2025 च्या 42 व्या आवृत्तीत, आणि डेबियनच्या ट्रिक्सीत यूएसआरखाली एसबिन अजून वेगळी नांदतेय.

परवा त्या मशीनवर रूटमधली यादी काढली. बिनच्या पुढे बाण, बाणापुढे नवा पत्ता. आकाराच्या रकान्यात आकडा होता 7. पाटीवर जेवढी अक्षरं तेवढाच तिचा आकार: यू, एस, आर, तिरकी रेघ, बी, आय, एन.